कोल्हापुरात नाताळची खरेदी अन् पेठेतली भटकंती: सारखे विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे मेसेज सुरू होतात, कुठं फिरायचं, काय घ्यायचं, गाडी कुठं लावायची, आणि प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागतात. म्हणून सगळं एका जागी लिहून टाकलंय. वाचा आणि मग या निवांत.

कोल्हापुरात नाताळचं वेगळं मार्केट भरतं काय?

फोटोत बघता तसलं, लाकडी स्टॉल, लायटिंगच्या माळा आणि सांताक्लॉज फिरतोय, असलं काही डोक्यात घेऊन येऊ नका. इथला नाताळ नेहमीच्याच बाजारात मिसळलेला असतो. स्टेशनरीच्या दुकानाबाहेर चांदण्या लटकतात, बेकरीच्या काचेत केकचे डबे चढतात, खेळण्यांच्या दुकानात लाल टोप्या येतात आणि शेजारी मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेसाठी फळं, फुलं, वेण्या मांडून बायका बसलेल्या असतात. काही वर्षी तर दोन्ही खरेद्या एकाच आठवड्यात येतात, मग फुलांचे भाव विचारायची सोय नाही. मला विचाराल तर मजा हीच आहे, एकाच पिशवीत चांदणी पण आणि हळदीकुंकू पण.

चांदणी, ट्री, सजावटीचं सामान कुठं मिळेल?

राजारामपुरी मेन रोड आणि लक्ष्मीपुरी, या दोन ठिकाणी बहुतेक सगळं मिळून जातं. महाद्वार रोडला पण मिळतं पण तिथं व्हरायटी कमी. चांदणी घेताना कागदाची घडीची घ्या असं माझं मत, प्लास्टिकची एलईडीवाली दुकानात झकास दिसते आणि घरी नेली की दुसऱ्या वर्षी अर्धे लाईट गेलेले असतात. कागदाची नीट घडी घालून माळ्यावर ठेवली तर टिकते, होल्डर आणि वायर आकाशकंदिलाचीच चालते.

ट्रीच्या बाबतीत फांद्या हातानं वाकवून बघा, तार पातळ असली तर सजावटीच्या वजनानं लोंबकळतात. आणि प्लास्टिक नकोच असेल तर नर्सरीत अरोकेरियाचं रोप मागा, क्रिसमस ट्री म्हणूनच विकतात, कुंडीत वर्षानुवर्षं राहतं. गव्हाणीच्या देखाव्यातल्या मूर्ती मात्र आधीच बघून ठेवा, शेवटच्या दोन दिवसात उंट असतो तर मेंढरू नसतं आणि मेंढरू असतं तर योसेफ नसतो असली गत होते.

फिरायला नेमका कुठला भाग चांगला? एकच सांगा.

अंबाबाईच्या देवळाभोवतालची जुनी पेठ. दुसरं काही नाही.

बिंदू चौकातनं चालायला सुरुवात करा, शिवाजी चौकात या, तिथनं चप्पल लाईन बघत बघत पापाची तिकटी गाठा, मग गुजरीत शिरा, गुजरीतनं बाहेर पडून महाद्वार रोडनं सरळ बिनखांबी गणपतीपर्यंत जा आणि तिथनं मिरजकर तिकटीवरनं खासबाग. सगळं मिळून दोनेक किलोमीटर असेल पण वेळ धरू नका, कारण मध्ये मध्ये थांबायला लागतंच. वाटेत भवानी मंडप आहे, तिथं आत जाऊन कमानीखाली उभं राहून वर बघा, लोक नुसता सेल्फी काढून पुढं पळतात. खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ चं. रोममधला आखाडा बघून त्यांच्या मनात आलं असं सांगतात, आणि आतला हौदा अशा खोलगट जागी आहे की कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते. कुस्ती नसली तरी डोकावून या.

शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. त्या दिवशी अख्खं गाव हळहळलं होतं. तिथनं जाताना जुने लोक अजून दोन मिनिटं थांबतात.

गर्दी किती असते? नाताळच्या सुट्टीत यावं का नको?

खरं सांगू का, ही गर्दी नाताळची नसतेच, देवीची असते. शाळांना सुट्टी, ऑफिसला सुट्टी, म्हणून अर्धा महाराष्ट्र दर्शनाला येतो आणि त्यातले कितीतरी पुढं गोव्याला जाणारे, मधल्या वाटेत कोल्हापूर करून जाऊ म्हणणारे. २५ तारखेपासून १ जानेवारीपर्यंत महाद्वार रोडला दुपारनंतर खांद्याला खांदा लागतो. त्यात मंगळवार किंवा शुक्रवार आला तर विचारूच नका, ते देवीचे वार.

खरेदी हाच उद्देश असेल तर डिसेंबरच्या दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात आडदिवशी या. आणि सुट्टीतच यायचं झालं तर दुकानं उघडताना, म्हणजे साडेदहा अकराला बाजारात असा. तेव्हा दुकानदार पण मोकळा असतो, नीट दाखवतो, भाव पण नीट सांगतो. संध्याकाळी सातला त्याला तुमच्याकडं बघायला सुद्धा वेळ नसतो.

कोल्हापुरी चप्पल घ्यायची आहे. खरी कशी ओळखायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळं जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे खिळे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते. तळ उलटा करून बघा, शिलाई दिसली पाहिजे. दुसरं म्हणजे वास आणि रंग. बाभळीची साल, हिरडा असलं वापरून कमावलेल्या चामड्याला एक तुरट वास असतो आणि रंग एकसारखा सपाट नसतो, कुठं गडद कुठं फिका. रेक्झिनची असेल तर प्लास्टिकचा वास लगेच येतो आणि रंग अगदी छापल्यासारखा. तिसरं, वाकवून बघा. चामडं वाकतं आणि त्यावर बारीक सुरकुत्या येतात, रेक्झिनला घडी पडते.

प्रकार भरपूर आहेत, कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी वगैरे. कापशी हे कागल तालुक्यातलं गाव, त्याच्या नावानं ती घडण ओळखली जाते. जाड तळाचं जडशीळ पायताण रोज ऑफिसला घालायला नको, हौस म्हणून ठीक. रोजच्यासाठी पातळ तळाची, साधी वेणी असलेली घ्या. कर्रकर्र वाजणारी पाहिजे असेल तर तसं सांगायला लागतं, सगळ्या वाजत नाहीत आणि घरातल्यांना विचारून घ्या, रात्री पाणी प्यायला उठलात तरी अख्खी बिल्डिंग जागी होईल.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाचा माल म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातले चार (बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर). त्यामुळं दुकानदार म्हणाला की माल निपाणीकडचा किंवा अथणीचा आहे तर लगेच नाक मुरडू नका, तिकडचे कारागीर पण पिढ्यानपिढ्या हेच काम करतायत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या ब्रँडनं सेम टू सेम चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव सुद्धा घेतलं नव्हतं तेव्हा इथं जो गदारोळ झाला तो आठवत असेलच, बोंबाबोंब झाल्यावर मग त्यांनी मान्य केलं. हल्ली काही जोडांवर क्यूआर कोड असतो, स्कॅन केला की कुणी बनवली ते कळतं. असला तर चांगलंच, नसला म्हणून चप्पल खोटी होत नाही.

भावाचं म्हणाल तर तीनशे-चारशेत अस्सल चामड्याची म्हणून कुणी देत असेल तर दोनदा विचार करा. चांगल्या हातकामाला हजार-दीड हजार, जास्त पण, जातात आणि जायलाच पाहिजेत.

गिफ्ट म्हणून चप्पल दुसऱ्यासाठी घ्यायची तर साईज?

त्या माणसाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून आणा. हसू नका, दुकानदार स्वतः हेच सांगतो. नंबरावर भरवसा ठेवू नका, हातकाम आहे, एकाच नंबरचे दोन जोड वेगळे निघतात. थोडी घट्टच घ्या, चामडं नंतर सैल पडतं. पहिले काही दिवस अंगठ्याजवळ चावते, तिथं खोबरेल तेल लावून ठेवायचं. पावसात भिजवायची नाही, भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात अजिबात नाही.

साज, ठुशी असलं घ्यायला गुजरीत जावं का? बजेट कमी आहे.

गुजरी बघायला पैसे पडत नाहीत. ही सोन्याची पेठ, देवळाजवळच, आणि दुकानं जुनी. कोल्हापुरी साज नीट बघितला नसेल तर एकदा बघाच, मण्यांच्या मध्ये मध्ये पानं ओवलेली असतात आणि पूर्ण साजात २१ पानं धरतात, त्यात दहा अवतार, अष्टमंगल असल्या आकृत्या. दुकानदाराला फुरसत असेल तर एकेक पान दाखवत सांगतो. सोनं घेणार असाल तर हॉलमार्क आणि मजुरी दोन्ही आधी विचारायची, नंतर तोंड बघायची वेळ नको.

बजेट कमी असेल तर महाद्वार रोड आणि जोतिबा रोडला एक ग्रॅमचे आणि इमिटेशनचे साज, ठुश्या, चिंचपेट्या, बोरमाळा, नथी ढिगानं मिळतात. मैत्रिणींना, मावश्यांना द्यायला एकदम भारी. चांदीचं पाहिजे असेल तर हुपरीच्या कामाचे पैंजण मागा, हुपरी इथनं जवळच आहे आणि तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं.

खायचं काय काय न्यावं?

गूळ. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळांचा ऐन सीझन, ताजा गूळ बाजारात आलेला असतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या जिवावरच मोठी झाली, आता मोठा व्यापार मार्केट यार्डात चालतो पण किलो-अर्ध्या किलोचे बॉक्स गावात कुठंही मिळतात. एकच बघायचं, पिवळाधम्मक पांढरट गूळ दिसायला देखणा पण त्यात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळायचं केमिकल, मारलेलं असायची शक्यता जास्त, त्यापेक्षा तपकिरी काळपट घ्या, चव पण खमंग लागते. बाटलीतली काकवी पण घ्या, लहान पोरं चपातीबरोबर चाटून पुसून खातात.

मग कांदा-लसूण चटणी. इथं चटणी म्हणजे मसाला, ताटात डावीकडं वाढायची ती नव्हे, हे पुण्याच्या लोकांना दर वेळी सांगायला लागतं. पॅकेटपेक्षा डंकावर कुटलेली मिळाली तर ती घ्या. भडंग पण न्या, फक्त हवाबंद डब्यात.

आणि जमलं तर एखादं गुऱ्हाळ बघून या. शहराबाहेर पडलं की उसाच्या पट्ट्यात धूर दिसतोच, तिकडं गाडी वळवायची, विचारायचं, बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. गरम गूळ हातावर देतात, फुंकून खा.

केक कुठला चांगला? प्लम केक मिळतो का?

मिळतो, बऱ्याच बेकऱ्यांत २० तारखेनंतर. चांगला पाहिजे असेल तर चार दिवस आधी ऑर्डर द्या, २४ ला संध्याकाळी जाऊन उभं राहिलात तर पाइनॅपलवर समाधान मानायला लागेल. पण एक सांगतो, इथल्या ख्रिश्चन घरात नाताळ म्हणजे नुसता केक नव्हे. करंज्या, चकल्या, लाडू, शंकरपाळी, सगळं दिवाळीसारखंच फराळ होतं आणि शेजारीपाजारी ताटं जातात. आपल्या दिवाळीच्या ताटाची परतफेड डिसेंबरात येते म्हणा ना. त्यामुळं ओळखीच्या घरी जाणार असाल तर केक नेऊ नका, त्यांच्याकडं तो असतोच, फळं किंवा गुळाचा बॉक्स न्या.

चर्च बघायला जाता येतं काय? आम्ही ख्रिश्चन नाही.

येतं की. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च सगळ्यांना माहितीचं. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, म्हणजे शाहू महाराजांच्या जन्माच्या पण आधी, त्यांच्या नावाचं हे चर्च. शाळा, दवाखाने या कामातनं इथला ख्रिस्ती समाज वाढला, आणि पुढं शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जातीजातीची, धर्माधर्माची जी बोर्डिंगं निघाली त्यात ख्रिश्चन मुलांचं पण होतं. ब्रह्मपुरीच्या बाजूला पण जुनी वस्ती आहे, पंचगंगेच्या काठाला.

जाताना एवढंच बघा की उपासना चालू असताना मोबाईल काढून व्हिडिओ करत हिंडू नका, मागं बसा, ऐका. गाणी मराठीतच असतात, रेव्हरंड टिळकांची कितीतरी पदं अभंगाच्या चालीची, ऐकताना भजनात बसल्यासारखं वाटतं. २४ च्या रात्री आणि २५ ला सकाळी गर्दी त्यांच्याच लोकांची असते, त्यामुळं नुसतं बघायला जायचं तर संध्याकाळी रोषणाई बघायला जा, आणि आत जायचं असेल तर दारात कुणाला तरी विचारा. कुणी नाही म्हणत नाही.

घासाघीस करायची का?

रस्त्यावर करा, दुकानात बेतानं. महाद्वार रोडच्या फेरीवाल्यांकडं थोडंफार चालतं. चप्पल लाईनला पण विचारून बघायला हरकत नाही पण बाराशेची चप्पल पाचशेला मागू नका, कोल्हापुरी माणूस चिडत नाही, पण जे बोलतो ते जन्मभर लक्षात राहतं.

गाडी कुठं लावायची?

पेठेत गाडी घालायचीच नाही. बिंदू चौकातलं पार्किंग सुट्टीत सकाळीच फुल होतं, दसरा चौक किंवा गांधी मैदान बघा आणि तिथनं चालत या. पोलीस आत सोडत नाहीत म्हणून त्यांच्याशी वाद घालणारे पाहुणे दर वर्षी दिसतात, उपयोग शून्य. रेल्वेनं आलात तर सगळ्यात सुटसुटीत, स्टेशनच्या बाहेर रिक्षा आहे, केएमटी म्हणजे शहराची बस आहे. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी इथं, मिसळीच्या टायमाला बरोब्बर.

चालून चालून भूक लागली की?

सकाळी मिसळ. कुठली ते सांगणार नाही, त्यावरनं घराघरात भांडणं आहेत, उद्यमनगरवाले वेगळे आणि बावड्याची म्हणणारे वेगळे. दुपारी तांबडा-पांढरा, पांढरा आधी प्या, तांबड्यानं जीभ पोळली की पांढऱ्याची चव कळत नाही. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी, त्यात कमीपणा काही नाही. संध्याकाळी खासबागची भेळ. आणि रात्री गंगावेशीचा दूध कट्टा, म्हैस समोर उभी, धार काढून ग्लास हातात. पोट नाजूक असेल तर तो धाडसीपणा प्रवासाच्या आदल्या रात्री करू नका.

म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर आहेत, जमेल काय?

जमेल, फक्त संध्याकाळी महाद्वार रोड टाळा. त्यांना टाऊन हॉलच्या बागेत न्या, म्युझियम तिथंच आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या जुन्या वस्तू बघायला मिळतात, बसायला झाडाखाली जागा आहे. नाहीतर रंकाळ्यावर. बाकीच्यांनी तेवढ्यात खरेदी उरकायची. डिसेंबरात रात्री पारा पंधराच्या आसपास येतो, रंकाळ्यावर वारं असतं त्यामुळं स्वेटर, कानटोपी पाहिजेच.

राजारामपुरीत काय वेगळं आहे मग?

तिकडं कपडे, ब्रँडची शोरूम, कॅफे, कॉलेजची पोरं. गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे, त्यामुळं नवखा माणूस सुद्धा चुकत नाही. नाताळच्या आठवड्यात संध्याकाळी मेन रोडला लायटिंग बघत फिरायला छान वाटतं. पण वस्तू घ्यायला म्हणाल तर तिथं मिळतं ते पुण्यात पण मिळतं, म्हणून बाहेरच्यांनी आधी पेठ करावी.

ऑनलाईन स्वस्त मिळतं, मग एवढं कशाला फिरायचं?

चांदणी आणि लाईटच्या माळा मागवा ऑनलाईन, काही बिघडत नाही. चप्पल मागवू नका.

३१ डिसेंबरला पेठेत फिरता येईल का?

दिवसा येईल. संध्याकाळी पाचनंतर गाव रंकाळ्याकडं आणि हॉटेलांकडं वळतं, मटणाच्या दुकानांपुढं सकाळपासनंच रांगा असतात, आणि जेवायला टेबल पाहिजे असेल तर सातच्या आत पोचा किंवा मग दहापर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. १ तारखेला पहाटेपासनं देवळात नवीन वर्षाच्या दर्शनाची रांग लागते, त्या दिवशी महाद्वारातनं खरेदीच्या पिशव्या घेऊन जायचा बेत करू नका, गुजरीच्या बाजूनं फिरून जा.